होबी १६ च्या सुकाणूचं लॉक: नवे कॅम-प्लंजर बसवून एक हंगाम झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधी सांगते. होबी १६ या शिडाच्या दुहेरी होडीचं सुकाणू चालत्या होडीत सारखं सुटत असेल, तर स्प्रिंगचा स्क्रू आवळत बसू नका. सुकाणू खाली धरून ठेवणारे कॅम (खाचेचा फिरता तुकडा), प्लंजर (त्याला दाबणारा दट्ट्या) आणि स्प्रिंग दोन्ही बाजूंना एकदमच बदला, सुकाणूच्या पात्याच्या बोल्टमधली ढिलाई काढा, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी हातात घ्या. मी हे वसंतात केलं. तेव्हापासून सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार होडी पाण्यात आहे आणि सुकाणूवर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे.

ही होडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. होबी आल्टर आणि फिल एडवर्ड्स या कॅलिफोर्नियातल्या दोन सर्फरनी साठच्या दशकाच्या अखेरीस ती आखली. दोन हल (पाण्यावर तरंगणारे लांबट सांगाडे), मध्ये बसायला ताणलेलं ट्रॅम्पोलिन, लांबी सुमारे ५ मीटर, वजन साधारण १४५ किलो. आजवर लाखावर होड्या बनल्या आहेत. तिला डॅगरबोर्ड, म्हणजे आडवं घसरणं रोखायला तळातून पाण्यात उतरणारी फळी, नाही. प्रत्येक हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर ठेवून होडीचं आडवं घसरणं रोखलेलं आहे. त्यामुळे ती सरळ वाळूवर चढवता येते, आणि तिच्यावर इतक्या लोकांचा जीव जडला त्याचं हे मोठं कारण. पाण्यात खोल उतरतात ती फक्त सुकाणूची दोन पाती. किनाऱ्याला लागताना ती तळाला टेकणारच, म्हणून टेकली की मागे उचलली जावीत अशी सोय केलेली आहे. पातं खाली धरून ठेवणाऱ्या लॉककडून आपल्याला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात: पाण्याच्या जोराला त्याने दाद देऊ नये, आणि वाळूला मात्र लगेच द्यावी.

यासाठीची यंत्रणा अगदी साधी आहे. अॅल्युमिनियमचे दोन ओतीव भाग असतात. खालचा भाग हलच्या पाठीला लांब पिनेवर टांगलेला, वरच्या भागाला सुकाणूचा दांडा जोडलेला. खालच्या भागात एक छोटा कॅम, त्याला दाबून धरणारा प्लंजर, प्लंजरमागे स्प्रिंग, आणि स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायला बुडाशी एक स्क्रू. दांडा खाली दाबला की वरच्या भागातली आडवी पिन कॅमच्या खाचेत शिरते, कॅम फिरतो आणि खट्कन आवाज होतो. हा आवाज कान देऊन ऐकायची सवय लावून घ्या. नुसतं 'बसलं असावं' असं वाटलं म्हणजे बसलेलं नसतं.

माझी होडी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली आणि आधी बरीच वर्षं उघड्यावर राहिलेली. मंद वाऱ्यात सगळं ठीक चालायचं. दुपारी पश्चिमेचा वारा भरला आणि होडीने वेग घेतला की डावं सुकाणू हळूच मागे सरकायचं. मग दांडा एकदम जड होतो, होडी वाऱ्याकडे तोंड फिरवू लागते, आणि तुम्ही दोन्ही हातांनी ओढून तिला धरून ठेवता. असं का होतं, ते हातात पाना घेण्याआधी समजून घ्यावं. पात्यावर येणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यात पातं थोडंसं जरी मागे झुकलं, तरी तो जोर ज्या अक्षावर सुकाणू फिरतं त्याच्यापासून मागे जातो आणि दांड्यावरचं ओझं वाढतं. सकाळी टिकणारं लॉक दुपारी सुटतं ते यामुळे. टॅक करताना, म्हणजे तोंड वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, सुटलं तर आणखी पंचाईत. डॅगरबोर्ड नसल्याने ही होडी मुळातच वाऱ्यातून तोंड काढायला कुरकुरते, आणि एका सुकाणूवर ती तिथेच अडकून उलटी वाहू लागते.

किनाऱ्यावर सल्ले दोन मिळाले. एक, स्क्रू गच्च आवळ. दोन, दांडा दोरीने खाली बांधून टाक. दुसऱ्याला माझा सक्त विरोध आहे. मिशन बे उथळ आहे, ओहोटीला वाळूचे पट्टे वर येतात, आणि ईलग्रासचे गवती पट्टे जागोजागी आहेत. बांधलेलं पातं अशा ठिकाणी आपटलं की सगळा झटका हलच्या पाठीला बसवलेल्या कड्यांवर जातो. तिथलं फायबरग्लास फाटलं तर ती दुरुस्ती कॅमच्या किमतीत होत नाही. गच्च आवळलेला स्क्रू हा त्याच मार्गावरचा अर्धा रस्ता. वर, झिजलेल्या खाचेवर ताण वाढवला की ती आणखी जोरात झिजते.

यंत्रणा खोलली तेव्हा कारण एक निघालं नाही, तीन निघाली. कॅमच्या खाचेची कड गोल झाली होती, त्यामुळे पिन धरली जायची पण अडवली जायची नाही. प्लंजर त्याच्या भोकात अडकत होता: स्टेनलेसची स्प्रिंग, अॅल्युमिनियमचं घर आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरणारच. तिसरं कारण लोक तपासतच नाहीत. पात्याचं बोल्टचं भोक मोठं झालं होतं, त्यामुळे लॉक बसलेलं असतानाही पात्याचं टोक मागेपुढे हलायचं आणि लाटेगणिक कॅमला ठोके देत राहायचं. नवा कॅम घालून हे तसंच ठेवलं असतं तर तोही लवकरच गोल झाला असता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो जुना स्क्रू काढण्यात. तो प्लास्टिकचा असतो आणि जाम झाला की त्याची खाच तुटते. उजव्या बाजूचा निघाला, डावा ड्रिलने पोखरून काढावा लागला. घाई करू नका, भोकातले आटे खराब झाले तर अख्खा खालचा भाग बदलावा लागतो. भोक व्हिनेगरने भिजवून, बारीक ब्रशने घासून, प्लंजर बोटाने ढकलल्यावर सहज जाईल आणि सहज परत येईल इतकं साफ केलं. पात्याचं भोक इपॉक्सीने भरून पुन्हा पाडून घेतलं, बोल्टजवळ पातळ प्लास्टिकचे वॉशर घातले. नवं भोक पाडताना पात्याचं टोक किंचित पुढे येईल असं ठेवलं. त्याने दांडा हलका होतो. मात्र पुढे फार आणलं तर पात्याची पुढची कड खालच्या भागाला आधीच टेकते आणि लॉक पूर्ण मिटतच नाही. माझ्या एका पात्याला तिथे कानस मारावी लागली.

ताण ठरवायला सामान तोलायचा हुकाचा काटा वापरला. होडी ट्रेलरवर, सुकाणू लॉक केलेलं, पात्याच्या टोकाला दोरीचा फास, आणि काट्याने मागे ओढायचं. किती किलोला सुटतं यापेक्षा दोन्ही बाजू सारख्याच जोराला सुटतात का, हे महत्त्वाचं. स्क्रू फिरवताना लॉक सोडून घ्या, नाहीतर दाबाखाली आटे खराब होतात. एका वेळी अर्धा फेरा पुरे. शेवटी दोन्ही पाती समांतर आहेत का ते मोजा. पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांमधल्या अंतराइतकंच किंवा दोन-तीन मिलिमीटर कमी असावं.

आता महिन्यांनंतरचा अनुभव. भर वाऱ्यात, एक हल उचललेला असतानाही सुकाणू जागचं हललेलं नाही. दांडा दोन बोटांवर चालतो असं म्हणणार नाही, पण खांदे भरून येणं बंद झालं, आणि पूर्वी दांडा धरायला घाबरणारा माझा मुलगा आता स्वतः स्टिअरिंग मागून घेतो. वाळूच्या पट्ट्यांवर पाती आपटली तेव्हा ती नेमाने सुटली. मला सर्वांत समाधान याचं आहे.

तक्रार एक उरतेच. पातं वर असताना कॅमला धक्का लागून तो मिटला, तर पिनेला शिरायला जागा राहत नाही, मग कितीही दाबा. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हरने कॅम उघडून द्यावा लागतो. लाटांमध्ये, हलच्या टोकाला पालथं पडून हे करायला मजा नाही. म्हणून किनारा सोडण्याआधी दोन्ही कॅम डोळ्यांनी बघते आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर लाइफ जॅकेटच्या खिशात दोरीने बांधून ठेवते.

देखभाल फार नाही. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने कॅमची खोबण धुवायची, दांडा दोन-चारदा वर-खाली करायचा. ग्रीस अजिबात लावू नका, वाळू चिकटून त्याची कानसच होते. कोरडा टेफ्लॉन स्प्रे चालतो.

जुनी होबी विकत घ्यायला निघाला असाल, तर मालकाला सुकाणू लॉक करायला सांगा आणि पात्याचं टोक हाताने हलवून बघा. टोक बोटभर हललं तर कॅम आणि बोल्ट दोन्हीचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. दोन्ही बाजूंचे कॅम, प्लंजर आणि स्प्रिंग मिळून एका नव्या पात्याच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पडतात, तेव्हा तेवढ्यासाठी चांगल्या हलची होडी सोडू नका. हलच्या पाठीवरच्या कड्यांभोवती चिरा दिसल्या तर मात्र मी ती होडी घेणार नाही.