खात्यात पूर्ण पगार, दहा तारखेला रोख परत: किमान वेतनातली लूट

रुग्णालयं, महाविद्यालयं, कारखाने, जिथे सफाई ठेक्यावर दिली आहे तिथे हा प्रकार सर्रास चालतो. सात तारखेला कामगाराच्या खात्यात नियमाप्रमाणे पगार जमा होतो. दोन-तीन दिवसांत सुपरवायझर येतो आणि तीन-चार हजार रोख परत मागतो. नाही म्हटलं की ‘उद्यापासून येऊ नको’. काही ठेकेदार याहून पुढचे: एटीएम कार्ड आणि पिन त्यांच्याकडेच. तपासणीत पगारपत्रक चोख निघतं, कारण चोरी पैसे जमा झाल्यावर होते.

दुसरी पद्धत हजेरीची. दर बरोबर दाखवायचा, दिवस मात्र कमी. काम २६ दिवस, मस्टरवर २०. हे पकडता येतं. ईपीएफच्या (भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीएफ) पासबुकात ज्या वेतनावर वर्गणी भरली तो आकडा असतो. दर रोज ५०० धरा आणि पासबुकात १०,००० दिसले, तर ठेकेदाराने २० दिवसच दाखवलेत. दर काढताना मूळ वेतनात विशेष भत्ता मिळवायला विसरू नका. महाराष्ट्रात तो जानेवारी आणि जुलैत बदलतो, आणि जुनाच भत्ता वर्षभर चालवणारे ठेकेदार कमी नाहीत.

बारा तासांच्या ड्यूटीत तर उघड लूट आहे. आठ तासांपुढचं काम दुप्पट दराने, म्हणजे जादा चार तासांचा मोबदला आठ तासांइतका. ५०० रोजाला बारा तासांचे १,००० झाले पाहिजेत. हातात पडतात ६००-७००, वर ‘ओटी (ओव्हरटाइम) दिला’ हे ऐकून घ्यायचं. पीएफचा मालकाचा हिस्साही पगारातूनच कापला जातो, तोही बेकायदा.

काम देणाऱ्या संस्था म्हणतात, ‘आम्हाला काय माहीत?’ निविदा नीट वाचली तर माहीत होतं. २६ दिवसांचे १३,०००, त्यावर पीएफचा मालकाचा खर्च १३ टक्के म्हणजे १,६९०, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्क्यांनी सुमारे ४२३, बोनस ८.३३ टक्क्यांनी सुमारे १,०८३. बेरीज १६,१९६ च्या आसपास, आणि यात ठेकेदाराचा नफा, गणवेश, रजेचे पैसे, जीएसटी काहीच नाही. तरीही माणशी १४,५०० ची निविदा मंजूर होते. फरक कोणाच्या खिशातून भरला जाणार, हे मंजूर करणाऱ्याला कळत नाही यावर आमचा विश्वास नाही. आणि ठेकेदाराने वेतन थकवलं तर जबाबदारी त्या संस्थेवरही येते. बिल पास करण्यापूर्वी नावनिहाय पीएफ चलन मागा, आणि दहा तारखेनंतर सुपरवायझरला बाहेर ठेवून कामगारांशी बोला.

कामगारांनी पुरावा आधी जमवावा, भांडण नंतर. रोजची येण्या-जाण्याची वेळ वहीत लिहा, मस्टरचा फोटो काढा. परत मागितलेले पैसे टाळता येत नसतील तर शक्यतो सुपरवायझरच्या नंबरवर यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. बहुतेक जण रोखच मागतात, त्यामागचं कारण हेच. मग तारीख, रक्कम आणि शेजारी कोण होतं ते त्याच दिवशी टिपून ठेवा.

तक्रार जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. पाच-दहा जणांनी एकत्र गेलेलं बरं, एकट्याला काढणं सोपं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे किमान वेतन कायद्याची जागा घेणारा नवा कायदा, लागू आहे. दाव्याची मुदत तीन वर्षं, पूर्वी किमान वेतन कायद्यात सहा महिनेच होती. फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते, आणि वेतन दिल्याचं सिद्ध करणं मालकाचं काम. कमी वेतनाला दंड ५०,००० पर्यंत आहे. तक्रार गेली की ठेकेदार घाईने ‘सर्व हिशेब मिळाला’ असा कागद पुढे करेल. त्यावर सही करू नका. आधीच केली असेल तरी घाबरू नका: किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे, दावा लावताना हे स्पष्ट लिहा.