ओपनक्वेक : भूकंपहानीचा अंदाज आणि गावातल्या भिंती

नैसर्गिक आपत्तीत किती नुकसान होईल याचा आगाऊ अंदाज बांधणारी संगणकीय मॉडेल्स प्रामुख्याने विमा कंपन्या आणि त्यांचाच विमा उतरवणाऱ्या पुनर्विमा कंपन्या वापरत आल्या आहेत. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात अमेरिकेतील काही विमा कंपन्या बुडाल्या आणि त्यानंतर त्या व्यवसायाने या मॉडेल्सकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली. इटलीतील पाविया येथील ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल फाउंडेशनचे ओपनक्वेक हे सॉफ्टवेअर मात्र मुक्त आणि विनामूल्य असल्यामुळे औशात घरबांधणीची कामे करणाऱ्या माझ्यासारख्या स्थापत्य अभियंत्यालाही ते वापरता येते. लोहारा तालुक्यातील एका गावासाठी मी ते वापरले आणि शिकण्यात गेलेला वेळ सत्कारणी लागला, असे माझे मत झाले आहे.

हे सॉफ्टवेअर आपल्याकडून तीन गोष्टी मागते : जमीन किती हादरेल, तिथे काय बांधलेले आहे आणि तेवढ्या हादऱ्यात ते किती मोडेल. पहिल्या गोष्टीसाठी मी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, ६.२ तीव्रतेचा किल्लारीचा भूकंपच पुन्हा मांडला. अशा वेळी सॉफ्टवेअर हादऱ्याचा एकच नकाशा काढून थांबत नाही. आपण सांगू तितके, म्हणजे हजारही, संभाव्य नकाशे काढते आणि प्रत्येकावरून हानी मोजते. त्यामुळे उत्तर एका आकड्यात न मिळता, सरासरी किती आणि तिच्या मागेपुढे किती फरक पडू शकतो, अशा स्वरूपात मिळते. अहवालात एकच आकडा मागणाऱ्यांची यामुळे अडचण होईल, परंतु मला या सॉफ्टवेअरचा सर्वांत विश्वासार्ह भाग हाच वाटला.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्या गोष्टीत. घरांची यादी मी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून घेतली. हा उतारा करआकारणीसाठी असल्यामुळे त्यात दगड किंवा विटा मातीत बांधलेली घरे एकाच प्रकारात येतात. करापुरते ते ठीक आहे, परंतु भूकंपात या दोन भिंतींचे वागणे सारखे नसते. म्हणून दोन रविवार मी घरोघर फिरलो. एका जुन्या माळवदाच्या घरात भिंतीचा कोपरा ढासळलेला असल्याने तिचे पोट उघडे पडले होते : आत एक आणि बाहेर एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये माती आणि कपच्यांचा भराव, आणि दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड एकही नाही. वर लाकडी तुळयांवर हातभर पांढरी माती होती, कारण गळती थांबवण्यासाठी पावसाळ्याआधी थरावर थर चढत गेलेला असतो. एक फूट जाडीचा थर धरला तरी एका चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो वजन होते. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात माणसे झोपेत गाडली गेली ती अशाच भिंतींखाली आणि अशाच छपरांखाली. ही घरे यादीत वेगळ्या वर्गात टाकून मी गणित पुन्हा चालवले, तेव्हा तीव्रता आणि केंद्र तेच असतानाही गावाच्या हानीचा आकडा ठळकपणे वाढला. ज्याला हे सॉफ्टवेअर वापरायचे आहे त्याने संगणकापुढे बसण्याआधी गाव पायी फिरावे, असा माझा आग्रह आहे.

तिसरी गोष्ट, म्हणजे कोणत्या प्रकारचे घर किती हादऱ्यात किती मोडते याचे वक्र. असे तयार वक्र फाउंडेशनकडूनच उपलब्ध आहेत. आपल्या बांधकामाला जवळचा वक्र निवडणे मात्र ज्याने इथली गवंडीकामे पाहिली आहेत त्यानेच करावे.

दीर्घ मुदतीचा धोका काढण्याचीही सोय यात आहे. त्यात ‘४७५ वर्षांतून सरासरी एकदा बसणारा हादरा’ असा येणारा आकडा पुष्कळांना फसवतो; त्याचा अर्थ ४७५ वर्षे निश्चिंत राहावे असा नसून ५० वर्षांत तेवढा हादरा बसण्याची शक्यता १० टक्के आहे, असा आहे. शिवाय १९९३ पर्यंत किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता, हे इथे कोणी विसरू नये. त्यामुळे मराठवाड्यासाठी मी या शक्यतांच्या गणितापेक्षा ‘तोच भूकंप आज झाला तर’ या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक भिस्त ठेवतो.

सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर बसते. घरांची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये देता येते आणि निकाल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर पाहता येतात. मार्गदर्शिका इंग्रजीत असून सविस्तर आहे. शक्यतांची मोठी गणिते करायची असल्यास मेमरी भरपूर लागते.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरांना भिंती एकत्र बांधून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे आहेत, परंतु कुटुंब वाढले तशा अनेकांनी त्यांना लागूनच पट्टा नसलेल्या खोल्या काढल्या आहेत. उताऱ्यावर घर एकच दिसते. मी अशा प्रत्येक घराच्या दोन ओळी केल्या, जुना भाग वेगळा आणि वाढवलेला वेगळा. परंतु वाढीव खोलीची भिंत मूळ घरावर कोसळली तर काय होईल, याचे उत्तर या दोन स्वतंत्र ओळींतून मिळत नाही.