वेब नकाशांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम: दर्शनी भाग उत्तम, डेटाबेस घाईत

ब्राउझरमध्ये चालणारी भौगोलिक माहिती प्रणाली कशी उभारावी, हे शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. जावास्क्रिप्टचा हात बसलेला नसेल, तर त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

ब्राउझरमध्ये नकाशे दाखवणाऱ्या लीफलेट या मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट लायब्ररीवरचा पहिला भाग उत्तम आहे. जिओजेसन या भौगोलिक माहिती लिहिण्याच्या स्वरूपात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, तर लीफलेटच्या मार्करला (नकाशावरच्या खुणेला) आधी अक्षांश द्यावा लागतो. ही गोम शिक्षकांनी मुद्दाम चूक करून दाखवली, तेव्हा जमिनीवरचे सगळे बिंदू क्षणात समुद्रात जाऊन पडले. (याच चुकीपायी मी पूर्वी एक अख्खा दिवस घालवला आहे.)

डेटाबेसमध्ये भौगोलिक माहिती हाताळण्याची सोय देणाऱ्या पोस्टजीआयएसचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटतो. ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या संदर्भप्रणालीतल्या जॉमेट्री (भौमितिक आकार साठवणाऱ्या) स्तंभावर अंतर मोजले की उत्तर मीटरमध्ये नव्हे, तर अंशांत येते, हे सांगितले आहे. पण लाखो नोंदींच्या तक्त्यावर अवकाशीय इंडेक्स (स्थानानुसार नोंदी चटकन शोधून देणारी सूची) नसेल तर शोध किती रेंगाळतो, याचा उल्लेखही नाही. जिओसर्व्हर हे नकाशे वेबवर पुरवणारे सॉफ्टवेअर बसवण्याची चित्रफीत जुन्या आवृत्तीची असल्याने पडद्यावरचे पर्याय जुळत नाहीत आणि शेवटी अधिकृत दस्तऐवजच उघडावे लागतात.