कॅन्सरनंतर छाती परत बनवून घेतली, पुण्यातल्या सर्जन मॅडमबद्दल

मॅडमना जाहीर नाव टाकलेलं आवडत नाही म्हणून नाव लिहित नाही, पण त्या कशा वागल्या ते लिहायचंच होतं.

डावी छाती पूर्ण काढून मला तीन वर्षं झाली होती. किमो झाली, रेडिएशन झालं, केस परत आले, सगळे म्हणाले सुटलीस बाई. पण मी रोज सकाळी ब्रामध्ये सिलिकॉनचा पॅड बसवायचे, उन्हाळ्यात तो घामाने सरकायचा, बसमध्ये दांडी धरायला हात वर केला की पहिलं लक्ष तिकडे, आणि घरी बोलायची सोय नाही कारण जीव वाचला ना, आता ४७व्या वर्षी कशाला हे खूळ, हे ऐकून झालेलं. आधी एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी पाच मिनिटांत इम्प्लांटचा खर्च कागदावर लिहून दिला, रेडिएशन झालंय का हे विचारलंसुद्धा नाही.

मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. रेडिएशन झालेली कातडी कडक होते, नीट ताणली जात नाही, तिथे नुसतं इम्प्लांट टाकलं तर ते आवळलं जाण्याचा, जखम न भरण्याचा धोका जास्त, हे त्यांनी माझ्याच छातीवर हात ठेवून दाखवलं. मग कोऱ्या कागदावर चित्रं काढली. इम्प्लांट, पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणणं, आणि पोटाची कातडी आणि चरबी रक्तवाहिनीसकट उचलून छातीवर जोडणं, ज्याला डीप फ्लॅप म्हणतात, त्यात पोटाचा स्नायू जागेवरच राहतो. आणि खाली चौथं लिहिलं, काहीच न करणं. तोही पर्याय आहे, त्यात काही कमी नाही, असं म्हणाल्या. ते ऐकून मला रडूच आलं, कारण तोपर्यंत कोणीतरी करच म्हणत होतं नाहीतर नकोच म्हणत होतं.

हे मध्येच किती दिवस लागतील विचारायला लागले तर मॅडम म्हणाल्या, थांबा, आधी त्यांचं होऊ दे. पाऊण तास बसलो होतो आम्ही.

शिक्षण मी सरळ विचारलं, त्यांना राग आला नाही, तुम्हीही विचारा. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीचं एमएस तीन वर्षं, मग प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच तीन वर्षं, आणि त्यावर मायक्रोसर्जरीची वेगळी फेलोशिप. डीप फ्लॅपच्या ऑपरेशनला ती फेलोशिप महत्त्वाची, कारण दोन-तीन मिलीमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवायच्या असतात आणि ती शिवण बंद पडली तर सगळा फ्लॅप जातो. केबिनमध्ये एक जुनं चित्र आहे, १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापलेलं, कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं आणि आपल्याच पुण्याकडच्या विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून नवं केलं. मॅडम म्हणाल्या तत्त्व तेच, कातडीला रक्त मिळत राहिलं की ती जगते.

त्यांनी फोटो दाखवले त्यात चांगले झालेले होते तसे न जमलेलेही होते. पूर्वीसारखा स्पर्श कळेल असं धरून चालू नका, वजन वाढलं तर तीही बाजू वाढेल, हे आधीच सांगितलं. मी डीप फ्लॅप ठरवला. पोटाचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन झाला, कॅन्सर परत येऊ नये म्हणून चालू असलेली माझी टॅमॉक्सिफेनची गोळी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवली.

ऑपरेशन आठ तास चाललं. पहिल्या रात्री सिस्टर दर तासाला येऊन रंग बघायची, हात लावून गरम आहे का बघायची, आणि छोट्या डॉपलर मशीनवर रक्ताचा आवाज ऐकायची, तो सूं सूं आवाज आला की मीही श्वास सोडायचे. आठवडाभर कमरेत वाकून चालले. पोटाचे टाके एका जागी उसवले, ड्रेसिंगला तीन आठवडे गेले, पण असं होऊ शकतं हे आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही, आणि प्रत्येक ड्रेसिंग मॅडमनी स्वतः बघितलं, ज्युनिअरवर सोडलं नाही.

न आवडलेलं पण लिहिते. ओपीडीत दोन-दोन तास बसावं लागतं. घरी करायच्या व्यायामाचा कागद फक्त इंग्रजीत होता, माझ्यासोबत सासूबाई असायच्या त्यांना काय वाचता येणार, मी बोलले तेव्हा पुढच्या वेळी मराठीत मिळाला.

इन्शुरन्सने आधी कॉस्मेटिक म्हणून नाकारलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, कॉस्मेटिक सर्जरी वगळायचा जो नियम पॉलिसीत असतो त्यातच अपघात, भाजणं आणि कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला सूट दिलेली असते. मॅडमनी तसं पत्र दिलं, क्लेम पास झाला.

निपलचा टॅटू बाकी आहे. मागच्या भेटीत हवाय का विचारलं, मी म्हटलं अजून ठरत नाहीये. घाई नाही म्हणाल्या आणि फाइलवर लिहिलं, पेशंट विचार करून सांगतील.