लष्करातली जिप्सी: चौदा महिने, अकरा हजार किलोमीटर

डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने वापरून विकून टाकलेली, मारुतीची जिप्सी घ्यायची म्हटलं की लोक आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. मी म्हणेन, आधी कागद बघा. माझी गाडी २०१२ सालची, जिप्सी किंग मॉडेल, १२९८ सीसी. लष्कराकडून अशा गाड्यांचा लॉट घेतलेल्या व्यापाऱ्याकडून घेतली. लोखंड नीट करायला पाच आठवडे गेले, कागद नीट करायला साडेतीन महिने.

लष्कराच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो. ती नोंदणी लष्कराची. आपल्याला नव्याने नंबर घ्यावा लागतो. फॉर्म २० च्या अर्जासोबत फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. माझ्या प्रमाणपत्रात चेसिस नंबरचा एक आकडा चुकला होता. तपासणीला पेन्सिलने ट्रेस काढला तेव्हा ते उघडं पडलं. दुरुस्तीसाठी कागद परत लष्कराच्या डेपोकडे गेला. व्यापाऱ्याने तोवर फोन उचलणं बंद केलं होतं. म्हणून पैसे मोजायच्या आधी स्वतः खाली वाकून नंबर वाचा, आणि डेपोपासून तुमच्यापर्यंत गाडी कुणाकुणाच्या हातून आली त्या प्रत्येकाचा कागद मागा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका.

रंगाचं आधीच माहीत होतं, तरी वाईट वाटलं. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१. मी मातकट रंग दिला. डॅशबोर्डखाली मूळ हिरवा अजून दिसतो, तेवढा मी मुद्दाम पुसला नाही.

मेकॅनिकली गाडी सरळ आहे. पहिल्याच आठवड्यात अक्कलकोट रोडवर साठच्या पुढे स्टिअरिंग असं थरथरलं की गाडी बाजूला घेतली. अलाइनमेंट करून काही झालं नाही. आमच्या मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं आणि लगेच सांगितलं, किंगपिनची बेअरिंगं गेलीत. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ. बेअरिंगं आणि नकलची, म्हणजे त्याच सांध्याची, सीलं दोन्ही बाजूंना बदलली, थरथर गेली. एकाच बाजूचं करून पैसे वाचवू नका. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे बदलून घेतले. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर टिकत नाही. सोलापुरात पार्टांची अडचण आली नाही. फक्त पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं माउंटिंग पुण्याहून मागवलं.

आता हिचा खरा उपयोग. शेत मंगळवेढ्याकडे, सगळी काळी जमीन. गेल्या वर्षी परतीच्या पावसानंतर रस्त्यापासून वस्तीपर्यंतचे दीड किलोमीटर आठ दिवस बंद होते. वाफसा नव्हता, ट्रॅक्टर गेला की चाकोरी गुडघाभर. मी डांबरावरच उतरून, पुढच्या चाकांनाही ताकद मिळावी म्हणून, त्यांचे दोन्ही हब हाताने लॉक केले, फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी) टाकला आणि दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, चाकोरी सोडून कडेच्या गवतावरून नेली. टनाच्या आसपास वजनाची गाडी, अरुंद टायर. चिखल टायरला लिंपत होता, पण ती रुतली नाही. आईला दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी. त्या दीड किलोमीटरसाठी मी हिचे सगळे दोष पोटात घालतो.

दोष आहेतच. माझ्या गाडीला एसी नाही, आणि सोलापूरचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. दुपारी बारा ते पाच मी ती काढत नाही. पाट्यांच्या कडक स्प्रिंगमुळे मागे बसणाऱ्याचे हाल होतात, आई म्हणूनच पुढे बसते. हायवेला लिटरला साडेदहा, शेतात सात. ऐंशीच्या पुढे पळवण्यात अर्थ नाही.

गाडी कोणत्या सालची, हा हिशेबही डोक्यात ठेवा. नोंदणीला पंधरा वर्षं झाली की फेरतपासणी आणि नूतनीकरण आलं, ते पुढे पाच-पाच वर्षांनी. त्यामुळे फार जुनी गाडी स्वस्त दिसली तरी मला ती परवडली नसती.

कापडी हुडाची शिवण उन्हाने उसवली आहे. ताडपत्रीवाल्याकडे माप दिलंय, मृगाच्या आधी बसवायचंय.