उजनीचं पाणी सोलापूरला: भीमेतून की जलवाहिनीतून?

“मामा, उजनीचं पाणी नदीतूनच सोडावं की सगळं पाइपातून आणावं?” पंढरपूरकडे शेती आणि सोलापुरात घर असलेला भाचा परवा विचारत होता.

नासाडी बघितली तर नदी साफ हरते. सोलापूरसाठी भीमेतून पाणी उचलणाऱ्या टाकळीच्या पंपांसाठी औज बंधारा भरायचा, तर आधी कोरडं पात्र आणि वाळूचे खड्डे भिजवावे लागतात. काही उन्हाने उडतं, काही वाटेतल्या मोटारी ओढतात. शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी धरणातून जातं. मला हे फार लागतं.

खर्चात मात्र पाइप जड. सुमारे 110 किलोमीटरची वाहिनी, वर पंपांचं वीजबिल. फुटली की आमच्या गल्लीत घागरी रांगेत. नदी मोटर न लावता वाहते, काठच्या विहिरींनाही पाझर देते.

शहराच्या पिण्याच्या पाण्याला वाहिनीच बरी. तुझ्या काठच्या उसाला, गुरांना आणि गावच्या पाणीयोजनांना नदीचं आवर्तन हवं, पण तारखा ठरवून.