दुसऱ्याचा लेख आपल्या न्यूजलेटरमध्ये: पूर्ण घ्यावा, उतारा द्यावा की सारांश लिहावा?

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातल्या कितीतरी वेबसाइटवर आणि न्यूजलेटरमध्ये मुक्तिसंग्रामाचे लेख दिसू लागतात. त्यातले बरेचसे आधी कुठेतरी छापून आलेले असतात. खाली लेखकाचं नाव नसतं, फार तर ‘साभार’ एवढंच. चांगला लेख चार लोकांपर्यंत जावा ही तळमळ खरी असते, पण जुनी कागदपत्रं चाळून, गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून ज्यानं तो लिहिला, त्याला पत्ताच नसतो. लातूर, परभणी, नांदेडकडे कुणी नवं न्यूजलेटर काढत असेल, तर दुसऱ्यांचं लेखन कसं घ्यायचं हे पहिल्या अंकाआधीच ठरवावं.

परवानगी घेऊन पूर्ण लेख छापणं वाचकाला सगळ्यात सोयीचं. गावात रेंज नसते, लिंक उघडत नाही, उघडली तर पुढे वर्गणी मागते. अख्खा लेख मेलमध्येच आला की वाचला जातो. मात्र परवानगी कुणाची, हे आधी पाहावं लागतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पगारी पत्रकाराचा नोकरीत लिहिलेला लेख नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाकडे असतो, बाकीचे हक्क लेखकाकडे. बाहेरून लिहिणाऱ्याचा लेख बहुधा त्याचा स्वतःचाच असतो. म्हणून दोघांनाही विचारलेलं बरं. त्याच कायद्यात प्रचलित आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयांवरचा लेख दुसऱ्या नियतकालिकाला छापण्याची मुभा आहे, पण लेखकानं हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल तरच. त्या मुभेवर न्यूजलेटर उभं करू नये असं माझं ठाम मत आहे. विचारायला एक फोन पुरतो.

पूर्ण लेखाची खरी अडचण पुढे येते. समजा, कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवरचा लेख घेतला. त्यात औषधाचं प्रमाण चुकलेलं होतं आणि मूळ जागी ते नंतर दुरुस्त झालं. आपल्याकडची प्रत मात्र तशीच राहते. वेबसाइटवर निदान बदल तरी करता येतो, गेलेला मेल परत बोलावता येत नाही. शेतीच्या लेखात तर मूळ प्रकाशनाची तारीख ठळक द्यायलाच हवी. जुना सल्ला ताजा समजून कुणी फवारणी केली, तर नुकसान त्या शेतकऱ्याचं होतं. जागा पुरत नाही म्हणून प्रमाणाची वा खबरदारीची ओळ कापणं मला कुठल्याही कारणानं मान्य नाही.

उतारा आणि लिंक हा मार्ग इथे उजवा ठरतो. लिंकवरून गेलेल्या वाचकाला दुरुस्त केलेला मजकूर मिळतो आणि लेखकाला त्याचा वाचक मिळतो. समीक्षा, परीक्षण किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी कायदा रास्त वापराला मोकळीक देतो, पण किती ओळी चालतील याचा आकडा कायद्यात नाही. मी एकच बघते: उतारा वाचून झाल्यावर मूळ लेख उघडायला कारण उरतं का? लेखाचा निष्कर्षच उचलला तर उरत नाही. आणि लेखकाचं म्हणणं उलटं वाटेल असा तुकडा तोडणं त्याहून वाईट. लेखकाची प्रतिष्ठा दुखावेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७नं त्याला दिला आहे, आणि कॉपीराइट विकला तरी तो त्याच्याकडेच राहतो.

सारांशाला मेहनत सगळ्यात जास्त. माहिती कुणाच्या मालकीची नसते, मांडणी असते. सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतला हा फरक स्पष्ट केला. पण वाक्यं तीच ठेवून शब्द बदलले, तर तो सारांश होत नाही. लेख मिटवून आपल्याला कळलं ते लिहावं, लेखकाचं नाव पहिल्याच वाक्यात घ्यावं, आणि जमेल तर आपल्या तालुक्याची एखादी नोंद जोडावी. मग तो मजकूर खरोखर आपला होतो.

अनुवादाबद्दल मोठा गैरसमज आहे. हैदराबाद संस्थानामुळे आपल्याकडे उर्दू लेखनाचा मोठा ठेवा आहे, इंग्रजीतून तर रोजच काही घ्यावंसं वाटतं. कॉपीराइट शाबूत असलेल्या लेखनाच्या अनुवादाचा हक्क मूळ लेखनाच्या हक्कातच येतो. त्यामुळे मराठी आपलं असलं तरी परवानगी लागते.

विचारायची गरजच नसलेलं लेखनही आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून कॉपीराइटची ६० वर्षं मोजतात. परभणीचे बी. रघुनाथ १९५३मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१४पासून मुक्त आहे. नरहर कुरुंदकर १९८२मध्ये गेले. त्यांचं लेखन २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहे, कितीही वेळा फॉरवर्ड झालेलं असो. संतांचे अभंग मुक्त, पण आजच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मुक्त नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे लेखकानं काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली वापराची परवानगी, या परवान्याच्या अटी नीट वाचाव्यात. मराठी विकिपीडियावरचा मजकूर श्रेय देऊन घेता येतो, पण त्यावर बेतलेलं लेखन त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. काही परवाने व्यावसायिक वापर नाकारतात, काही बदल नाकारतात, आणि बदलात अनुवादही आला. फोटोंचा हक्क वेगळा असतो, तो वेगळा विचारावा.

नव्याने सुरू करणाऱ्याला मी सांगेन: नेहमीच्या मजकुरासाठी सारांश आणि उतारा ठेवा, आणि अंकात एखादाच पूर्ण लेख, रीतसर विचारून, शक्य असेल तर मानधन देऊन घ्या. जाहिरात वा वर्गणी येत असेल, तर मानधनाला ‘शक्य असेल तर’ लावू नका. विचारताना लेखी विचारा: कोणता लेख, मेलवर की वेबसाइटवरही, किती वाचकांना, फुकट की पैसे घेऊन, काही कापणार का, पुढे काढून टाका म्हटलं तर काढाल का. वेबसाइटवर पूर्ण लेख ठेवताना पानाच्या कोडमध्ये मूळ पत्ता ‘कॅनॉनिकल’ (मूळ लेखाचा अधिकृत पत्ता) म्हणून नोंदवा, म्हणजे शोधयंत्राला मूळ लेख कोणता ते कळेल. उत्तर आलं नाही तर ते होकार समजू नका. आठवड्याभरानं पुन्हा विचारा, तोवर त्या लेखाचा सारांश आणि लिंक द्या.